गुड फ्रायडे ते ईस्टर, मुक्काम वाई

मार्च २०२४ च्या अखेरीस गुड फ्रायडेला लागून शनिवार-रविवार आले आणि मुलांच्या वार्षिक परीक्षेला अजून पंधरा दिवस होते, एवढ्या भांडवलावर आम्ही पुण्याहून बाहेर पडण्याचे ठरवले. मुलांना महाबळेश्वरला जायचे होते, कारण त्यांच्या वर्गातील सगळेच तिकडे निघाले होते. माझ्या आईला वाईला जायचे होते. तिचे बालपण वाईच्या मधल्या आळीत गेले, अकराव्या वर्षी वडिलांच्या बदलीमुळे तिला ते गाव सोडावे लागले आणि त्यानंतर ती वाईला गेली ती केवळ लग्नामुंजींना, तीही मांडवातून मांडवात. महाबळेश्वरची वाट वाईवरूनच जाते, तेव्हा मुक्काम वाईत करावा आणि शनिवारी वर जाऊन यावे अशी तडजोड पत्नीने काढली. त्या तडजोडीतले महाबळेश्वर पुढे कसे गळून पडले, ते ओघात येईलच.

शुक्रवार, २९ मार्च

पहाटे पाचला निघायचे ठरले होते, निघालो पावणेसातला. कात्रजचा बोगदा संपेपर्यंत आपण फारसे उशिरा निघालेलो नाही असा माझा समज होता. खेड शिवापूरच्या टोलनाक्यावर तो गेला, आणि शिरवळच्या पुढे खंबाटकी घाटाच्या पायथ्याशी गाडी थांबली ती जवळजवळ दीड तास मुंगीच्या पावलाने सरकत राहिली. पुण्याकडे येणाऱ्यांसाठी या डोंगरात बोगदा आहे, साताऱ्याकडे जाणाऱ्यांना मात्र तेव्हा घाट चढूनच जावे लागे, आणि जोडून सुट्ट्या आल्या की या एका चढावर सगळ्या पुण्या-मुंबईची गाठभेट होई. एखाददुसरा ट्रक चढावर तापून बंद पडला की काम तमाम. आमच्या पुढे असे दोन ट्रक होते.

तरीही तो दीड तास अगदीच वाया गेला असे म्हणवत नाही. गाडी चालती असती तर उजवीकडच्या उतारावरचा कुसुंब मला दिसलाच नसता. आजूबाजूचा सगळा डोंगर वाळून करडा झालेला होता आणि त्यात ते एकच झाड तांबड्यालाल पालवीने असे पेटलेले होते, की मुलीने ती फुलेच समजून फोटो काढला. ती पाने आहेत आणि महिन्याभरात हिरवी होतील, हे तिला पटेना. आईने खिडकीची काच खाली केली, तेव्हा धूर आणि तापलेल्या ब्रेकच्या वासाबरोबर कुठून तरी आंब्याच्या मोहोराचा वास आल्याचे तिचे म्हणणे. आम्हा बाकीच्यांना तो आला नाही.

सुरूरच्या फाट्याला महामार्ग सोडून वाईकडे वळलो, तेव्हा दुतर्फा उभ्या असलेल्या जुन्या वडांची सावली लागली आणि गाडीतले भांडण आपोआप मिटले. आई मात्र अस्वस्थ होती. ती झाडे मोजू पाहत होती आणि मोजदाद सारखी चुकत होती.

निवासाची सोय संकेतस्थळावर छायाचित्र पाहून केलेली होती. खोलीतून नदी दिसेल असे तिथे लिहिले होते. प्रत्यक्षात खिडकीसमोर शेजारच्या इमारतीची पाण्याची काळी टाकी होती, आणि गच्चीवर जाऊन उजवीकडे मान वळवली तर झाडांच्या मधून नदीची एक चमकती पट्टी दिसत होती, त्यामुळे मालकाला खोटे बोलल्याचा दोषही देता येईना. पत्नी एवढेच म्हणाली, "नदी बघायला नदीवर जाऊ या की."

ऊन कलल्यावर आम्ही मेणवलीला गेलो. वाईपासून जेमतेम तीन किलोमीटरवर कृष्णेच्या काठी नाना फडणविसांचा वाडा आहे. पेशवाईतील पुण्याच्या वाड्यांपैकी बहुतेक जळाले, पडले किंवा पाडून त्यांच्या जागी इमारती उठल्या, त्यामुळे त्या काळचा एखादा अख्खा वाडा आतून पाहायचा झाल्यास मेणवलीला यावे. सहा चौकांच्या या वास्तूत एका चौकातून दुसऱ्यात जाताना उजेड कमी-अधिक होत जातो, लाकडी खांबांचा गारवा हाताला लागतो, आणि भिंतींवरची जुनी चित्रे डोळे अंधाराला सरावल्यानंतर हळूहळू उमटू लागतात. मुलाला चित्रांपेक्षा उंच उंबरठ्यांचे कौतुक वाटले. असल्या उंबरठ्यांवर आजीने लहानपणी किती वेळा आपटी खाल्ली असेल, याचा हिशेब त्याने तिच्याकडे मागितला. आई म्हणाली, "अरे, आम्ही कुठले वाड्यात राहणारे! आमच्या दोन खोल्या होत्या, आणि त्यांना उंबरठाही धड नव्हता."

वाड्याच्या मागच्या अंगाला दार आहे आणि तिथून घाटावर उतरता येते. काळ्या दगडाच्या पायऱ्या अर्धचंद्रासारख्या वळत पाण्यात उतरतात, वर मेणेश्वराचे आणि विष्णूचे देऊळ आहे, आणि त्यांच्या जवळच एका लहानशा दगडी देवळीत एक प्रचंड घंटा टांगलेली आहे. ती देवळाची नाही. १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी वसईचा किल्ला पोर्तुगीजांकडून जिंकला, तेव्हा तिथल्या चर्चमधील घंटा विजयाची खूण म्हणून मराठी मुलखात आल्या आणि देवस्थानांना वाहिल्या गेल्या. नाशिकला नारोशंकराच्या देवळात एक आहे, भीमाशंकरला एक आहे आणि मेणवलीला ही. तिच्या पंचधातूच्या अंगावर बाळ येशूला घेतलेल्या मेरीची उठावाची आकृती आहे आणि ती १७०७ सालची असल्याचे सांगतात.

मी हे सगळे मुलांना सांगत असताना मुलीने मध्येच विचारले, "आज गुड फ्रायडे आहे ना? मग आज ही वाजवायची असते का?" ही शंका मला सुचली नसती. आमच्या शेजारच्या मावशींचे माहेर वसईचे, आणि त्या दरवर्षी ईस्टरला तिकडे जातात. त्यांच्याकडून ऐकलेले तेवढ्यात पत्नीला आठवले, की आदल्या दिवशीच्या, म्हणजे गुरुवारच्या उपासनेनंतर चर्चच्या घंटा मुक्या होतात, त्या थेट ईस्टरच्या आदल्या रात्रीच्या उपासनेत पुन्हा वाजतात. म्हणजे आज वसईला जी घंटा वाजणार नव्हती, तिची ही बहीण इथेही गप्पच होती. मुलीला ही जुळणी इतकी आवडली, की ती बराच वेळ त्या देवळीसमोर उभी राहिली. घाटावर एक बाई गोधडी धूत होत्या आणि त्या गोधडीवर पडणाऱ्या धोपटण्याचा आवाज पलीकडच्या काठावर आपटून थोड्या उशिराने परत येत होता. तेवढाच काय तो घंटानाद.

शनिवार, ३० मार्च

रंगपंचमी. वाईच्या लोकांसाठी या दिवसाचा अर्थ एकच, जवळच्या बावधन गावचे बगाड. आम्ही हे हिशेबात धरलेच नव्हते. सकाळी चहाला बाहेर पडलो तर चहावाला टपरी आवरत होता. "पाव्हणं, आज च्या कुटला? बगाड हाय," असे म्हणून त्याने आम्हाला उरलेला चहा दिला आणि पैसे घेण्याआधीच दुचाकीला लाथ मारली. मुलाने पैसे देण्यासाठी त्याच्यामागे धावावे लागले याचाच त्या दिवशी सर्वांत जास्त आनंद मानला.

ज्यांनी हे पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. बावधनचे ग्रामदैवत भैरवनाथ. नवस बोललेल्या माणसांपैकी एकाला होळीच्या पौर्णिमेच्या रात्री देवाचा कौल लावून बगाड्या म्हणून निवडतात. रंगपंचमीला कृष्णाकाठच्या सोनेश्वरापासून बगाड निघते. बगाड म्हणजे अजस्र लाकडी गाडा, त्यावर उभा खांब आणि खांबाच्या माथ्यावर आडवे लांबलचक शीड. शिडाच्या टोकाला बगाड्याला बांधून उंच चढवतात आणि बैलांच्या जोड्यांमागून जोड्या जुंपून हा सगळा डोलारा शेताशेतांतून बावधनपर्यंत ओढत नेतात. पूर्वी बगाड्याच्या पाठीत लोखंडी गळ टोचत असत, आता त्याला दोरांनी बांधतात. गाड्याला डांबरी रस्ता चालत नाही असे मुळीच नाही, पण त्याची परंपरेची वाट शिवारातूनच जाते, आणि ज्याच्या वावरातून गाडा जाईल त्याला आपली ढेकळे तुडवली गेल्याचे दुःख नसून मान असतो.

आम्ही एका बांधावर जागा धरली. जागा धरली हा शब्दप्रयोगही अतिशयोक्तीचा आहे, कारण तिथे आधीपासून बसलेल्या एका कुटुंबाने आईला पाहून सतरंजी सरकवली आणि मग आम्हा बाकीच्यांना तिच्यामागे उभे राहता आले. गाडा दिसण्याच्या कितीतरी आधी धूळ दिसली. मग "काशिनाथाचं चांगभलं" हा गजर ऐकू आला, आणि त्या धुळीच्या वर, झाडांच्या शेंड्यांच्याही वर, आडवे शीड आणि त्याच्या टोकाला एक माणूस संथपणे पुढे सरकताना दिसू लागला. खालचे काहीच दिसत नसल्यामुळे तो हवेतून चालत येत असावा असे वाटत होते. मी ही उपमा मुलाला ऐकवली, तेव्हा तो म्हणाला, "बाबा, त्यांना चक्कर नाही का येणार?" आणि संबंध वेळ तो त्या माणसाच्या चेहऱ्याकडे पाहत राहिला.

मी मात्र बैलांकडे पाहत होतो. गाडा आमच्यासमोरच्या नांगरटीत रुतला. खिलार बैलांच्या शिंगांना रंग, अंगावर गुलाल, आणि मानेवर इतके ओझे, की ओढताना त्यांचे मागचे पाय ढेकळांत गुडघ्यापर्यंत जात होते. जूपट्टीजवळ उभा असलेला एक म्हातारा शेतकरी ओरडत नव्हता. बाकीचे शंभरजण ओरडत होते आणि तो आपल्या बैलाच्या कानाजवळ तोंड नेऊन काहीतरी हळू बोलत होता. मग त्याने हात वर केला, पुढच्या जोड्या सोडल्या गेल्या, ताज्या दमाच्या जोड्या जुंपल्या गेल्या, आणि एका हिसक्यासरशी गाडा निघाला. तेव्हा तो सगळा बांध असा ओरडला, की आईने कानांवर हात ठेवले आणि त्याच वेळी ती स्वतःही ओरडत होती. सोडलेला बैल म्हाताऱ्याने बांधाला आणला. बैलाचे पोट भात्यासारखे हलत होते. सतरंजीवरच्या बाईंनी आपली पाण्याची बाटली पुढे केली, म्हाताऱ्याने ती घेतली, ओंजळ भरून आधी बैलाच्या नाकपुड्यांवर पाणी मारले आणि मग उरलेले स्वतः प्यायला.

जनावरांच्या या श्रमांविषयी माझ्या मनात काही आलेच नाही असे लिहिणे खोटेपणाचे होईल. पत्नीला ते मुळीच आवडले नाही आणि तिने ते तिथेच, हळू आवाजात पण स्पष्ट सांगितले. सतरंजीवरच्या बाईंनी ते ऐकले असावे, कारण त्या म्हणाल्या, "वर्सभर लेकरावानी सांभाळत्यात वो ताई. आजच्या दिवसासाठीच सांभाळत्यात." दोघींचेही म्हणणे मला खरे वाटले आणि त्यातून निवाडा करण्याच्या भानगडीत मी पडलो नाही.

दुपारी धुळीने माखून खोलीवर आलो. आंघोळी झाल्या. चार वाजता मुलांनी महाबळेश्वरची आठवण करून दिली, म्हणून निदान पाचगणीपर्यंत जाऊन टेबललँडवरून सूर्यास्त पाहावा असे ठरवून निघालो. पसरणी घाटाच्या तिसऱ्या वळणावर गाड्यांची शेपटी लागली. वीस मिनिटे हललो नाही. वरून उतरणाऱ्या एका जीपवाल्याने खिडकीतून हात हलवत "वर जाऊ नका" असे सांगितले आणि त्याच्या मागून उतरणाऱ्या आणखी दोघांनी तेच सांगितले, तेव्हा मी गाडी वळवली. मुलगा रुसला. घाटाच्या तोंडाशी एक बाई टोपलीत स्ट्रॉबेरी घेऊन बसल्या होत्या. हंगामाच्या शेवटाची, लहान आकाराची पण गडद लाल अशी ती फळे त्याने गाडीतच संपवली, आणि रुसवा नेमका किती फळांनंतर गेला हे मुलीने मोजून ठेवले आहे. अंधार पडल्यावर गच्चीवरून पाहिले तर पसरणीच्या घाटात दिव्यांची माळ लागलेली होती आणि ती अजूनही जागची हलत नव्हती.

रविवार, ३१ मार्च

आईने मला साडेपाचला उठवले. "चल, गर्दी व्हायच्या आत गणपतीला जाऊन येऊ." बाकीचे झोपले होते.

ढोल्या गणपतीचे देऊळ गणपतराव रास्त्यांनी १७६२ मध्ये बांधले. शेजारी काशीविश्वेश्वराचे देऊळ आहे, तेही रास्त्यांचेच. नानासाहेब पेशव्यांच्या पत्नी गोपिकाबाई याच घराण्यातल्या, त्यामुळे वाईच्या घाटांवर त्या काळी पैसा आणि हौस या दोहोंची कमतरता नव्हती. दर्शन झाल्यावर आईने मला देवळाच्या मागे नेले. गाभाऱ्याची मागची भिंत सरळ नाही, माशाच्या तोंडासारखी निमुळती होत पुढे आलेली आहे. कृष्णेला पूर आला की पाण्याचा लोंढा या टोकावर येऊन दुभंगतो आणि दोन्ही अंगांनी निघून जातो. पुस्तकात हे एका ओळीत वाचले होते. आईने मात्र भिंतीला हात लावून दाखवले, की ती आणि तिची मैत्रीण पुराच्या दिवसांत पलीकडच्या उंच जागेवरून याच टोकाकडे टक लावून उभ्या असत, कारण वाहत येणारे ओंडके, भोपळे आणि एकदा तर अख्खे छप्पर इथे येऊन कुठल्या बाजूने जाणार, यावर त्यांच्या चिंचोक्यांच्या पैजा लागत. धोम धरण व्हायच्या आधीची ही नदी. त्या सकाळी ती पायऱ्यांपासून बरीच खाली होती आणि कडेच्या साचलेल्या पाण्यावर हिरवी साय धरली होती. आई त्याविषयी काही बोलली नाही. ती पायऱ्या उतरून अगदी शेवटच्या कोरड्या पायरीवर थांबली, पाण्यात पाय घालावेत की नाही याचा तिने विचार केला आणि चपला न काढताच परत फिरली.

मधल्या आळीतले तिचे घर आता नाही. तिथे तीन मजली इमारत आहे आणि खाली भ्रमणध्वनी दुरुस्तीचे दुकान. हे तिला आधीच ठाऊक असल्यामुळे ती त्यापुढे फार वेळ थांबली नाही. तिला त्याहून जास्त ओढ होती मराठी विश्वकोशाच्या कार्यालयाची. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली या गावातून विश्वकोशाचे काम उभे राहिले आणि १९७६ मध्ये पहिला संहिता खंड निघाला. आईने तो नोकरीच्या पगारातून घेतला होता आणि पुढचे खंड जसजसे निघत गेले तसतसे घेत गेली. माझ्या शाळेच्या सगळ्या निबंधांतली माहिती त्या जाड पुस्तकांतली आहे. रविवार असल्यामुळे कार्यालय बंद असणार हे मी तिला सांगितले होते. "मला आत जायचंच नाहीये," ती म्हणाली. फाटकाबाहेर उभे राहून तिने पाटी वाचली, सावकाश, पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत, आणि मग पाटीसकट आपला फोटो काढायला सांगितला. मागून आलेल्या मुलाने विश्वकोश आता इंटरनेटवरच वाचता येतो हे तिला ऐकवलेच. "माहीत आहे, मी वाचते," असे आजीचे उत्तर आल्यावर तो गप्प बसला.

परतीच्या आधी धोमला जाऊन आलो. नरसिंहाचे देऊळ चांगले आहे, पण लक्षात राहते ते महादेवासमोरचे कमळाच्या आकाराचे दगडी कुंड. त्याच्या मधोमध दगडी कासव आहे आणि कासवाच्या पाठीवर नंदीचा मंडप. कुंडात पाणी भरले की कासव नंदीला घेऊन पोहत आहे असे दिसते. आम्ही गेलो तेव्हा पाणी नव्हते, त्यामुळे पोहण्याची कल्पना करावी लागली.

येताना रस्त्यालगतच्या एका खळ्यात हळद शिजत होती. वास आधी आला. ओल्या मातीचा, थोडा कडवट आणि थोडा उकडलेल्या रताळ्यासारखा. स्वयंपाकघरातल्या हळदीचा या वासाशी काही संबंध असेल असे वाटतही नाही. आम्ही थांबलो तसे तिथल्या काकूंनी मुलांना जवळ बोलावून कंदाचे भाग दाखवले: मधला तो जेठा गड्डा, त्याच्या बगलेत फुटतो तो बगल गड्डा, आणि बोटांसारखी निघतात ती हळकुंडे. शिजली की नाही हे कसे कळते, असे मुलीने विचारल्यावर त्यांनी एक वाफाळते हळकुंड काढून त्यात काडी खुपसली. काडी आरपार गेली. मग त्यांनी ते मोडून दाखवले, आत गाजरासारखा केशरी गाभा होता. शेजारच्या अंगणात आधी शिजवलेली हळद वाळत पडली होती, सुरकुतलेली आणि मातकट. पंधरवडाभर वाळल्यानंतर ड्रममध्ये घोळवून पॉलिश केली की तिला बाजारातला रंग येतो. काकूंनी आईच्या पदरात मूठभर हळकुंडे घातली. पैसे विचारल्यावर त्यांनी हात झटकला: "मधल्या आळीच्या ना तुमी? मग पैसं कशाचं?" आईने त्यांना कधी सांगितले, हे आम्हाला कोणालाच कळले नाही.

दुपारी दोनला निघालो. मुलगी मागे बसून शेजारच्या मावशींना फोन लावत होती. तीन दिवसांपासून तिला एकच गोष्ट विचारायची होती. भुईंजच्या बाजूने नव्हे, सुरूरवरूनच आम्ही महामार्गाला लागलो तेव्हा फोन लागला. तिने आधी ईस्टरच्या शुभेच्छा दिल्या आणि मग घंटा वाजल्या का, असे विचारले. काल रात्रीच वाजल्या, खूप वेळ वाजल्या, असे पलीकडून उत्तर आले. मग तिने मेणवलीच्या घंटेची हकिगत सविस्तर सांगितली, चिमाजीअप्पांसह. फोन स्पीकरवर होता. मावशी मनापासून हसल्या आणि म्हणाल्या, "म्हणजे आमची घंटा तुम्ही नेऊन ठेवलीय होय? मग परत कधी आणून देताय?" मुलगी गडबडून माझ्याकडे पाहू लागली. उत्तर काय द्यावे याचा मी विचार करीत होतो, एवढ्यात खंबाटकीचा बोगदा आला आणि फोन तुटला.